ध्वनीसाठी नामांकन मिळालंय: विजेता कोण ठरवतं, आणि त्या रात्रीपर्यंत काय करायचं

प्रश्न असा आहे. अंधेरीच्या एका स्टुडिओत काम करणाऱ्या तरुण ध्वनिसंयोजकाला त्याच्या पहिल्याच मराठी चित्रपटासाठी एका वाहिनीच्या पुरस्कारांत नामांकन मिळालं आहे, पाच जणांत. राज्य पुरस्कारांच्या नामांकन यादीत मात्र ध्वनी हा विभागच त्याला दिसला नाही. निर्माता म्हणतो, जिंकणाऱ्याला आधीच फोन येतो, तुला आला नाही म्हणजे विषय संपला. त्याला विचारायचंय की नामांकन कोण देतं, विजेता कोण ठरवतं, सांगलीहून आई-बाबांना बोलवावं का, आणि पुरस्कार नाही मिळाला तर पुढच्या कामांवर त्याचा परिणाम होतो का.

आधी अभिनंदन. आणि आई-बाबांना बोलाव. पास कमी असतील तर आजच प्रॉडक्शनकडे माग, शेवटच्या दोन दिवसांत एकही मिळत नाही.

बरीच वर्षं मी मिक्सिंगच्या टेबलावर काम करते आहे आणि काही पुरस्कारांच्या परीक्षक मंडळांवरही बसले आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय ते असं: नामांकन हे तुझ्या कामाबद्दलचं मत असतं, पुरस्कार हे बहुतेक वेळा अख्ख्या चित्रपटाबद्दलचं. ही दोन मतं वेगळ्या टप्प्यांवर दिली जातात, अनेकदा वेगळी माणसं देतात, आणि त्यांचे कानही वेगळे असतात. हे एकदा लक्षात आलं की निकालाच्या रात्री फारसं बिथरायला होत नाही.

ऑस्करमध्ये ही रचना उघड लिहिलेलीच आहे. ध्वनी विभागाची नामांकनं ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या ध्वनी शाखेचे सदस्य ठरवतात, म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं. विजेत्यासाठी मात्र सगळ्या शाखांचे सदस्य मत देतात: नट, लेखक, वेशभूषाकार, सगळे. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या बाबतीत किती विचित्र निकाल लागतात बघ. आपल्या मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलेनियर’ला २००९ मध्ये दहा नामांकनं होती आणि आठ पुरस्कार मिळाले. त्यात ध्वनिमिश्रणाचा, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ घालण्याचा पुरस्कार मिळाला, पण ध्वनिसंपादनाचा, म्हणजे आवाज निवडून-घडवून जोडण्याचा, ‘द डार्क नाइट’ला गेला. एकाच चित्रपटाचा आवाज एका विभागात जिंकला, दुसऱ्यात नाही. ‘गांधी’चंही तसंच. अकरा नामांकनं, आठ पुरस्कार. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्याबरोबर वेशभूषेचा ऑस्कर मिळाला आणि त्या ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी पंडित रविशंकर आणि जॉर्ज फेंटन यांना नामांकन होतं, ते जिंकले नाहीत. आणि जे तीन विभाग ‘गांधी’च्या हातून गेले त्यात संगीत, रंगभूषा आणि ध्वनी होते. एवढा मोठा चित्रपट, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवलेला, पण त्याच्या ध्वनीच्या चमूला नामांकनावर समाधान मानावं लागलं. म्हणून त्यांचं काम कमी ठरलं का? तो चित्रपट आज पुन्हा ऐक आणि तूच सांग.

२०२५ मध्ये अकादमीने नियम केला की एखाद्या विभागात अंतिम मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. इतक्या उशिरा हा नियम आला यावरून ओळख की आधी किती जण न पाहताच मत देत असतील.

आता आपल्याकडे. तू तीन वेगळ्या पद्धतींची गल्लत करतोयस, म्हणून त्या सुट्या करून सांगते.

राष्ट्रीय पुरस्कारांत नामांकन नावाचा प्रकारच नाही. आधी प्रादेशिक परीक्षक मंडळं चित्रपट पाहून पुढे पाठवतात, मग केंद्रीय मंडळ निर्णय घेतं आणि पत्रकार परिषदेत थेट विजेते जाहीर होतात. दिल्लीतला समारंभ होतो तेव्हा निकाल आधीच सगळ्यांना माहीत असतो. त्यामुळे कुणी ‘राष्ट्रीय पुरस्कारासाठी नामांकित’ असं पोस्टरवर छापलं असेल तर समज की फक्त चित्रपट स्पर्धेला पाठवला होता. तू असं कधी लिहू नकोस.

राज्य पुरस्कारांचं वेगळं आहे, आणि तुझा गैरसमज इथेच झालाय. महाराष्ट्र राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांत दोन फेऱ्या असतात. प्राथमिक फेरीचे परीक्षक सगळे चित्रपट पाहून अंतिम फेरीचे चित्रपट निवडतात आणि अभिनय, लेखन, संगीत अशा विभागांची नामांकनं देतात. तांत्रिक विभाग आणि बालकलाकार यांचे पुरस्कार मात्र याच टप्प्यावर ठरतात आणि नामांकनांबरोबरच जाहीर होतात. म्हणजे कला दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनिमुद्रण, ध्वनिसंयोजन यांत तीन-चार नावांची यादी निघतच नाही, एकच नाव येतं आणि तोच विजेता. तू यादीत नामांकन शोधत होतास, ते तिथे असणारच नव्हतं. तुझ्या चित्रपटाचा विचार झाला नाही असा अर्थ त्यातून काढू नकोस. पहिल्या दोनांत असशील किंवा दहावा असशील, ते कधीच बाहेर येत नाही.

मला स्वतःला ही पद्धत अर्धवट वाटते. ज्या फेरीत सगळे चित्रपट पाहिले जातात तिथेच तांत्रिक निर्णय व्हावा हे मला पटतं, कारण अंतिम फेरीत चित्रपट कमी उरतात आणि चांगला ध्वनी असलेला पण बाकी फसलेला चित्रपट आधीच गळून जातो. पण मग तांत्रिक विभागातही नामांकनं जाहीर करावीत. पहिल्यांदा काम करणाऱ्या मुलाला ‘तू शेवटच्या तिघांत होतास’ हे कळणं फार मोलाचं असतं.

वाहिन्या आणि मासिकं यांचे पुरस्कार ही तिसरी तऱ्हा. साधारण असं चालतं: आलेल्या प्रवेशिकांची छाननी होते, मग एक परीक्षक मंडळ चित्रपट पाहून नामांकनं काढतं, आणि तेच मंडळ किंवा दुसरं एखादं विजेता ठरवतं. लोकप्रिय चित्रपट, लोकप्रिय चेहरा अशा विभागांत प्रेक्षकांची मतं घेतात, तांत्रिक विभागांत सहसा नाही. हा प्रकार मुंबईला जुना आहे. फिल्मफेअरचा पहिला समारंभ २१ मार्च १९५४ ला धोबी तलावच्या मेट्रो सिनेमात झाला आणि त्यात पाचच पुरस्कार होते: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, संगीतकार. पडद्यामागच्या तंत्रज्ञासाठी एकही नव्हता. त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. आपल्या विभागांना जागा नंतर मिळत गेली, तीही मागून मागून.

आता परीक्षक मंडळाच्या खोलीत काय होतं ते सांगते, कारण बाहेर सगळ्यात जास्त अफवा त्याच्याच असतात. दिवसाला तीन-चार चित्रपट लागोपाठ. सकाळच्या चित्रपटाला ताजे कान मिळतात, संध्याकाळच्याला थकलेले. मंडळात आठ-दहा माणसं असली तर ध्वनीचा माणूस एक, कधी एकही नाही. अभिनयावर तासभर वाद होतो. ध्वनीची वेळ आली की कुणीतरी म्हणतं, “त्या लढाईच्या चित्रपटाचा आवाज काय जबरदस्त होता!” आणि तीन माना हलतात. मोठा आवाज लक्षात राहतो. ज्या प्रसंगात तू पंख्याची घरघर, शेजारच्या घरातली शिट्टी आणि लांबच्या गाडीचा भोंगा एकमेकांत मिसळून आईचं एकटेपण उभं केलंस, तो प्रसंग परीक्षकाला आवडलेला असतो, पण श्रेय तो अभिनेत्रीला देतो. आपल्या कामाचं हे कायमचं दुखणं आहे. त्या खोलीत ध्वनीचा एक जाणकार असेल आणि तो बोलणारा असेल तर निकाल फिरतो, हे मी पाहिलंय. म्हणून तुला पुढे कधी परीक्षक म्हणून बोलावलं तर वेळ नाही म्हणून नाही म्हणू नकोस.

पण शांत चित्रपट जिंकतच नाहीत असंही नाही. २०१६ च्या चित्रपटांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार आठव. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘कासव’, आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार राजेश मापुसकर यांना ‘व्हेंटिलेटर’साठी. दोन्ही मराठी. त्याच ‘व्हेंटिलेटर’ला संकलनाचा आणि अंतिम ध्वनिमिश्रणाचाही पुरस्कार मिळाला. हॉस्पिटलच्या आवारात जमलेलं एक भलंमोठं कुटुंब, सगळे एकाच वेळी बोलतायत, कुजबुजतायत, भांडतायत. एवढ्या तोंडांमधून नेमकं वाक्य प्रेक्षकाच्या कानापर्यंत पोचवणं किती अवघड असतं हे तू टेबलावर बसून अनुभवलंयस. त्याआधी दोन वर्षं ‘ख्वाडा’ला लोकेशन साउंडचा, म्हणजे चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपण्याचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मेंढरांचा कळप घेऊन उघड्या माळावर फिरणाऱ्या कुटुंबाची गोष्ट, वारा सतत माइकवर. तिथे संवाद स्वच्छ मिळवायचे आणि मागचा माळही ऐकू आला पाहिजे. त्या वर्षी ही गोष्ट कुणाच्या तरी कानांनी ओळखली.

लोकेशन साउंडचा तो वेगळा पुरस्कार आता उरला नाही. २०२२ च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांतले ध्वनीचे तीन भाग, म्हणजे लोकेशनवरचं मुद्रण, ध्वनिसंयोजन आणि अंतिम मिश्रण, एकत्र करून ध्वनिसंयोजनाचा एकच पुरस्कार ठेवला. मला हे अजिबात मान्य नाही. उन्हात बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरून उभा राहणारा माणूस आणि वातानुकूलित खोलीत फेडर हलवणारी मी, आमची कामं वेगळी आहेत. एकत्रीकरणाच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो की परीक्षकांना फरक कळत नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या, २०२० च्या चित्रपटांच्या निकालात लोकेशन साउंडचा पुरस्कार एका डब केलेल्या चित्रपटाला गेला आणि त्या चित्रपटाच्या ध्वनिसंयोजकानेच तो सिंक साउंडचा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच आवाज टिपलेला, नसल्याचं जाहीरपणे सांगितलं, ऑस्करविजेते ध्वनितंत्रज्ञ रसूल पुकुट्टी यांनीही त्यावर लिहिलं. माझं म्हणणं, यावर उपाय मंडळावर ध्वनीचा जाणकार बसवणं हा होता. प्रवेशिकेबरोबर लोकेशनच्या कच्च्या मुद्रणाचा दहा मिनिटांचा नमुना मागितला असता तरी प्रश्न मिटला असता.

यातूनच तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम निघतं, आणि ते समारंभाच्या रात्रीचं नाही. ते आहे प्रवेशिकेचं. पुरस्कारासाठी चित्रपट निर्माता पाठवतो, आपण नाही. फॉर्म भरतो प्रॉडक्शनमधला कुणीतरी, बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, आणि ध्वनीच्या रकान्यात एकच नाव टाकतो. ते नाव स्टुडिओच्या मालकाचं असू शकतं, तुझं असू शकतं, चुकीच्या स्पेलिंगचंही असू शकतं. पुढे मानचिन्हावर, प्रशस्तिपत्रावर आणि बातमीत तेच छापलं जातं, आणि नंतर बदल करून घेणं जवळपास अशक्य असतं. ‘स्लमडॉग’च्या ध्वनिमिश्रणाच्या ऑस्करवर तीन नावं होती: इयान टॅप, रिचर्ड प्राइक आणि लोकेशनवर आवाज टिपणारे रसूल पुकुट्टी. मिश्रणाच्या पुरस्कारातही लोकेशनचा माणूस वाटेकरी ठरला, कारण त्याचं नाव योग्य जागी नोंदवलेलं होतं.

म्हणून कामाचं पत्र करतानाच ठरवून घे की टायटल कार्डवर श्रेय कसं जाईल आणि पुरस्कारांच्या फॉर्मवर कुणाची नावं जातील. लोकेशन साउंड, ध्वनिसंयोजन, मिश्रण वेगवेगळ्या माणसांनी केलं असेल तर तिघांची नावं एका ईमेलमध्ये लिहून निर्मात्याला आणि कार्यकारी निर्मात्याला पाठव, आधारकार्डावरच्या स्पेलिंगसह. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: राष्ट्रीय पुरस्कारांसाठी चित्रपट कोणत्या वर्षाचा ते सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरतं, प्रदर्शनाच्या नाही. डिसेंबरच्या शेवटी सेन्सॉर झालेला आणि पुढच्या उन्हाळ्यात लागलेला चित्रपट आधीच्याच वर्षात धरतात. निर्माता हे विसरला की ते वर्ष हातचं जातं. जानेवारी उजाडला की स्वतःहून आठवण कर, त्यात लाज कसली.

शक्य असेल तर चित्रपट परीक्षकांना कशावर दाखवला जाणार हेही विचार. थिएटरमध्ये डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, लागणार असेल तर उत्तम. लिंक पाठवायची असेल तर थिएटरचं मिश्रण तसंच उचलून स्टीरिओत दाबलेलं पाठवू देऊ नकोस. लॅपटॉपसाठी वेगळं स्टीरिओ मिश्रण करून दे, एका रात्रीचं काम आहे. थिएटरच्या मिश्रणातले हळू संवाद लॅपटॉपवर पार बुडतात, आणि परीक्षक म्हणतो, “संवाद नीट ऐकू येत नाहीत.” तिथे तुझा चित्रपट संपतो.

आता फोनचं. कार्यक्रमाला येताय ना, हे विचारणारा फोन सगळ्याच नामांकितांना येतो, त्यातून काही सिद्ध होत नाही. मोठे कलाकार हजर राहावेत म्हणून आयोजक काय काय करतात यावर मी बोलणार नाही, ते तुझ्या विभागाला लागू नाही. ध्वनिसंयोजक आला नाही म्हणून कुणाचं प्रक्षेपण अडत नाही, त्यामुळे त्याला आधी कळवायचं कारणही कुणाला नसतं. सगळं आधीच ठरलेलं असतं असं निर्माता म्हणतो. पडद्यामागे कुठेच काही घडत नाही अशी हमी मी देणार नाही, पण मी ज्या मंडळांवर बसले तिथे ध्वनीच्या पुरस्कारासाठी कुणी दबाव आणलेला मी पाहिला नाही. तिथे वाद झाले ते अज्ञानातून आणि कंटाळ्यातून.

निकाल गुप्त ठेवण्याची ऑस्करइतकी काटेकोर व्यवस्था दुसरीकडे क्वचितच असेल. मतमोजणी लेखापरीक्षकांकडे, पाकिटांचे दोन संच, मंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक. तरी २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या वेळी अभिनेत्रीच्या पाकिटाची दुसरी प्रत हातात दिली गेली आणि ‘ला ला लँड’चं नाव वाचलं गेलं. ते सगळे मंचावर भाषणं करत असताना कळलं की विजेता ‘मूनलाइट’ आहे. नाव पुकारलं जाईपर्यंत कुणालाच काही माहीत नसतं, तुलाही नसणार.

त्या रात्रीबद्दल थोडं. तांत्रिक पुरस्कार बहुतेक सुरुवातीला देतात, सभागृह अर्धं भरलेलं असताना. पत्रिकेवर सातची वेळ असेल तर तू साडेसहाला खुर्चीत हवास. वरळीला एनएससीआय डोमला जायचं असो की सायनच्या बाजूला षण्मुखानंदला, अंधेरीहून संध्याकाळी गाडीने निघू नकोस, लोकलने ये आणि शेवटचा टप्पा टॅक्सीने कर. आई-बाबांना दादर किंवा माटुंग्याला कुणा नातेवाइकाकडे आदल्या दिवशीच उतरव.

टीव्हीवर तुझा भाग दिसेलच असं धरू नकोस. कार्यक्रम नंतर संकलित होऊन दाखवतात आणि कात्री पहिली आपल्यावर चालते. सांगलीच्या सगळ्या नातेवाइकांना तारीख कळवून टीव्हीसमोर बसवू नकोस, एखाद्या मित्राला मोबाइलवर चित्रण करायला सांग. हे फक्त मराठीत होतं असंही नाही. २०२२ च्या ऑस्करमध्ये ध्वनी, संकलन, संगीत धरून आठ विभागांचे पुरस्कार थेट प्रक्षेपणाच्या आधी उरकले होते. जगभरचे तंत्रज्ञ चिडले आणि पुढच्या वर्षी ते सगळे पुन्हा थेट प्रक्षेपणात आले. आवाज उठवला तर फरक पडतो.

भाषण तयार ठेव, चार ओळींचं, कागदावर. मिळेल त्या मिनिटात दिग्दर्शकाचे आभार एका वाक्यात मान आणि उरलेल्या वेळात नावं घे: लोकेशनवरचा रेकॉर्डिस्ट, बूम धरणारा, पावलांसारखे आवाज स्टुडिओत करून देणारा फोली कलाकार, डबिंगला बसणारी मुलगी, रात्रभर जागलेला असिस्टंट. पडद्यावर त्यांची नावं सेकंदभर सरकून जातात. फिल्मफेअरची ती काळी मूर्ती शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवली, पण ती उंचावणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल? माइक तुझ्या हातात असेल तेवढा वेळ तरी तुझ्या माणसांची नावं सभागृहात ऐकू जाऊ देत.

नाव दुसऱ्याचं आलं तर उठून त्याच्याकडे जा आणि त्याच्या चित्रपटातली तुला आवडलेली एक नेमकी जागा त्याला सांग. त्यासाठी उरलेले चारही चित्रपट आधी पाहून ठेव. यात शिष्टाचारापेक्षा जास्त काहीतरी आहे. मुंबईत ध्वनीचं काम करणारी माणसं मोजकी, पुढची कामं एकमेकांच्या सांगण्यावरून येतात, आणि कान देऊन ऐकणारा माणूस इथे लक्षात राहतो.

पुढच्या कामांचं म्हणशील तर नामांकनाने फोन वाढतात, पैसे लगेच वाढत नाहीत. वाढवून मागायचे असतील तर समारंभाच्या आधी माग. नामांकित ही ओळख तेव्हा ताजी असते आणि निकाल कुणालाच माहीत नसतो. न जिंकल्यामुळे कुणाचं काम गेलेलं मी पाहिलं नाही. तुझ्या कामांच्या यादीत मात्र वर्ष, पुरस्काराचं पूर्ण नाव, विभाग आणि ‘नामांकन’ हा शब्द स्पष्ट लिही, आणि विभागात तुझ्याबरोबर ज्यांची नावं आहेत तीही लिही. तुझ्या प्रश्नात लोकेशनवर आवाज कुणी टिपला त्याचा उल्लेख नाही. नामांकनात त्याचं नाव गेलंय का, ते उद्या सकाळी प्रॉडक्शनला फोन करून विचार, आणि गेलं नसेल तर मानचिन्हांवर नावं कोरायच्या आत दुरुस्तीचं पत्र पाठवायला लाव.